बॅकड्राफ्ट, गुण पाच

मुख्यालयाला दर काही वर्षांनी एकदम जाग येते, आणि जाग आली की ते परिपत्रक काढतं. या वेळच्या परिपत्रकात म्हटलं होतं की आग विझवणाऱ्या माणसांना आग म्हणजे काय हे माहीत असणं इष्ट आहे. त्यासाठी सहा आठवडे वर्ग भरेल, शेवटी शंभर गुणांची लेखी परीक्षा होईल, आणि जो चाळीसच्या खाली राहील त्याला पहिल्या बंबावरून उतरवून तपासणी विभागात धाडण्यात येईल. तपासणी विभागाचं काम म्हणजे दुकानादुकानांत फिरून भिंतीवरच्या लाल नळकांड्यांची मुदत संपली का ते पाहायचं आणि संपली असली तर तोंड पाडून परत यायचं.

केंद्रातल्या सगळ्यात जुन्या लीडिंग फायरमनने ते परिपत्रक नोटीस बोर्डासमोर उभं राहून मोठ्याने वाचलं. त्याला सगळे तोफ म्हणत. आवाजामुळे म्हणत, आणि एकदा सुरू झाला की आटोपत नसे म्हणूनही म्हणत.

"मला आग शिकवणार," तोफ म्हणाला. "उद्या माझा स्वभाव कसा आहे ते माझ्या बायकोला समजावून सांगायला माणूस पाठवतील."

चोवीस वर्षांच्या नोकरीत तोफेने स्वतःचं एक अग्निशास्त्र तयार केलं होतं. त्यात आगीच्या जाती होत्या. भुकेली आग, रुसलेली आग, माजलेली आग आणि फसवी आग. नवीन भरती झालेल्यांना तो या जाती समजावून सांगायचा, आणि पोरं माना डोलवायची. या शास्त्रात उणीव अशी एकच होती. आग विझल्याशिवाय ती कोणत्या जातीची होती हे सांगता येत नसे.

फसव्या आगीचं उदाहरण म्हणून तो नेहमी गाद्यांच्या गोदामाची गोष्ट सांगायचा. अकरा वर्षांपूर्वी भर दुपारी फोमच्या गाद्यांच्या एका गोदामाला आग लागली. बंब पोचेपर्यंत ज्वाळा दिसेनाशा झाल्या होत्या. तोफेने मागच्या खोलीचं दार उघडलं आणि आतून आगीचा लोळ बाहेर आला. दाराचं पान तोफेच्या अंगावर उघडलं होतं, त्यामुळे तो त्याच्या आडोशाला राहिला आणि त्याच्या फक्त भुवया गेल्या. समोर पाण्याचा होज घेऊन उभ्या असलेल्या जोडीदाराच्या दोन्ही हातांची बोटं भाजून आखडली आणि डाव्या कानाचं ऐकणं गेलं. हा जोडीदार तोफेचा साडू. दोघांनी एकाच घरातल्या दोन बहिणी केल्या होत्या.

चौकशीला तीन जणांची समिती बसली आणि बसली ती सात महिने उठलीच नाही. अखेर तिने लिहिलं, 'आकस्मिक स्फोट. कारण अज्ञात. कोणाचाही दोष नाही.' साडूला फरफटत बाहेर काढल्याबद्दल तोफेला शौर्याचं प्रमाणपत्र मिळालं. साडूला काय मिळालं? केंद्राच्या स्टोअरमधली खुर्ची. तिथे बसून तो गमबूट, हेल्मेट आणि होजचे वेढे मोजून द्यायचा नि मोजून घ्यायचा. गोष्ट सांगताना तोफ म्हणायचा, "आग दबा धरून बसली होती. तिने आमची वाट पाहिली." इथे तो थोडा थांबायचा. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा, आणि तोफेला चहाची तल्लफ यायची.

वर्ग घ्यायला आल्या त्या मॅडम शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या होत्या. उंची बेताची, पायात कापडी बूट, खांद्याला पिशवी. केंद्राच्या वरच्या मजल्यावर टेबल टेनिसचं टेबल भिंतीला लावून त्यांच्यासाठी जागा केली होती. समोर गणवेशातले चौदा पुरुष हाताची घडी घालून बसले.

"मॅडम, तुम्ही आग कधी जवळून पाहिलीय का?" तोफेने पहिल्याच मिनिटाला विचारलं.

"रोज सकाळी. गॅसवर." त्यांनी पिशवीतून मेणबत्ती काढली आणि पेटवली. "आता मला सांगा, यात काय जळतंय?"

"मेणबत्ती," तोफ म्हणाला. मागे दोघे हसले.

"मेणबत्तीतलं काय?"

"वात."

मॅडमनी फुंकर मारली. वातीवरून धुराची बारीक रेघ वर चढली. त्यांनी पेटती काडी वातीपासून चांगली दोन बोटं वर, त्या धुरात धरली. ज्वाळा धुराच्या रेघेवरून खाली उतरली आणि वात पुन्हा पेटली.

"काडी वातीला लागली का?"

"नाही."

"मग काय पेटलं?"

चौदा माणसांची मिळून चारशे वर्षांची नाही तरी दोनशे वर्षांची नोकरी झाली असेल. ती सगळी त्या धुराकडे बघत राहिली.

"मेण वितळतं, त्याची वाफ होते, ती वाफ जळते," मॅडम म्हणाल्या. "फुंकल्यावर तीच वाफ थंड होऊन पांढरी दिसली. तिलाच आपण धूर म्हणतो. घरात भरलेला धूरही असाच असतो. त्यात न जळलेलं इंधन असतं. धूर म्हणजे आगीचं उरलंसुरलं नव्हे, तो आगीचा शिधा आहे. हे एवढं वहीत लिहा, बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल."

तोफेने लिहिलं नाही. मात्र वर्ग सुटल्यावर सगळे खाली गेले तेव्हा तो मागे राहिला, आणि काड्यांची अख्खी पेटी संपेपर्यंत त्याने ती मेणबत्ती विझवली आणि धुरावरून पेटवली. साहेब, म्हणजे केंद्र अधिकारी, काही कामाने वर आले तर तो म्हणाला, "मेणबत्ती नीट चालते का ते तपासतोय."

पुढचे दोन आठवडे त्याची आणि मॅडमची जुंपलेलीच असे. मॅडम म्हणाल्या, पेट्रोल द्रवरूपात जळतच नाही, त्याची वाफ जळते. ज्या तापमानाला द्रवावर ठिणगीने भपकन पेट घेण्यापुरती वाफ जमते त्याला फ्लॅश पॉइंट म्हणायचं. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याच्या कितीतरी खाली आहे, डिझेलचा बराच वर, म्हणून सांडलेल्या पेट्रोलजवळ जास्त जपायचं. तोफ म्हणाला, हे त्याला ठाऊक होतं. "काय म्हणायचं एवढंच ठाऊक नव्हतं." मॅडम म्हणाल्या, लाकूडसुद्धा तसं जळत नाही. उष्णतेने ते फुटतं, त्यातून वायू निघतात आणि ज्वाळा असते ती त्या वायूंची. याला पायरोलिसिस म्हणायचं.

"म्हणजे चोवीस वर्षांत मी लाकूड विझवलंच नाही?"

"तुम्ही लाकूड थंड केलंत. म्हणून वायू निघायचे थांबले. काम तुमचं बरोबरच होतं, फक्त कशामुळे होतं हे माहीत नव्हतं."

हे कौतुक होतं की टोमणा, याचा तोफेला संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही. पण त्या दिवशी त्याने वही आणली. वहीवर मुलीचं जुनं नाव होतं ते खोडून आपलं घातलं.

चौथ्या आठवड्यात मॅडमनी सुताराकडून पार्टिकल बोर्डाचा एक खोका करून आणला. मोठ्या टीव्हीएवढा, समोर बिजागरीचं झाकण, झाकणात तळहाताएवढी काच. केंद्राच्या मागच्या अंगणात विटांवर तो ठेवला, आत कागद आणि लाकडाच्या चिपा घालून पेटवून दिला. साहेबांनी सगळ्यांना दहा पावलं मागे उभं केलं आणि एकाच्या हातात भरलेला होज दिला. आग चांगली धरल्यावर मॅडमनी लांब सळईने झाकण लोटून बंद केलं.

हळूहळू ज्वाळा मेल्या. काच आतून तपकिरी झाली. सांध्यांतून पिवळट करडा धूर निघायला लागला. तो बाहेर यायचा, क्षणभर थबकायचा, आणि पुन्हा आत ओढला जायचा. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. झोपलेल्या जनावराचं पोट हलावं तसं.

"आग विझली असं कोणाला वाटतं?" मॅडमनी विचारलं.

नऊ हात वर झाले. तोफेचा हात अर्धा वर आला आणि तिथेच राहिला. त्याची नजर त्या आतबाहेर करणाऱ्या धुरावर होती.

मॅडमनी सळईने झाकण उघडलं. एक सेकंद काहीच नाही. दुसऱ्या सेकंदाला धाडकन आवाज झाला आणि खोक्यातून हातभर लांब लोळ बाहेर पडला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. एकाने पुन्हा करा म्हणून फर्माईश केली.

"याला बॅकड्राफ्ट म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "आत इंधन आहे, उष्णता आहे, फक्त हवा संपलीय. आपण दार उघडून ती आणून देतो."

"हे आधी कळतं का?" तोफेने विचारलं. त्याचा आवाज इतका लहान होता की पुढचे दोघे मागे वळून पाहायला लागले.

"हो तर. ज्वाळा दिसत नाहीत, पण दार आणि काच हात लावू नये इतके तापलेले. काचेवर तपकिरी थर. धूर दाराच्या फटीतून आत ओढला जातो, कधी शीळ घातल्यासारखा आवाज येतो. असं दिसलं तर दाराला हात लावायचा नाही. आधी छपराला भोक पाडायचं, वरून गरम वायू जाऊ द्यायचा, पाणी मारायचं, मग दार." मॅडम सळई पुसत होत्या. "एवढी सगळी लक्षणं समोर दिसत असताना दार कोणी उघडत नाही, हो. उघडलंच तर त्याला घाई असेल, नाहीतर त्याला वाटत असेल की आपल्याला सगळं येतं."

त्यांना गोदामाची गोष्ट कोणी सांगितली नव्हती. चौदांपैकी तेराजण आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

तोफ तिथून निघून सरळ स्टोअरमध्ये गेला. साडू काउंटरमागे बसून आखडलेल्या बोटांनी हातमोज्यांच्या जोड्या लावत होता. तोफ नेहमीप्रमाणे त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसला.

"गोदामाच्या काचेवर तपकिरी थर होता," तोफ म्हणाला.

"होता."

"धूर दाराखालून आत जात होता. मी बघितला. मला वाटलं, आग दमली."

"हं."

"तो बॅकड्राफ्ट होता."

"मला माहीत आहे," साडू म्हणाला आणि पुढची जोडी उचलली. "दवाखान्यात तीन महिने पडून होतो. साहेबांनी एक पुस्तक पाठवलं होतं, वेळ जावा म्हणून. हातांना पट्ट्या होत्या, तर वॉर्डातल्या सिस्टर पानं उलटून द्यायच्या. त्यात सगळं चित्रांसकट होतं."

अकरा वर्षांत दोघांनी किती वेळा एकत्र चहा घेतला, किती रविवार एकत्र जेवले, याचा हिशेब तोफेच्या डोक्यात आपोआप सुरू झाला आणि मध्येच बंद पडला.

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? तू ती गोष्ट इतकी रंगवून सांगायचास. एकदा तर मलाच वाटलं, आगीचा माझ्यावर राग असणार." साडूने हातमोजे बाजूला ठेवले. "आणि काचेला हात मी लावला होता. हातमोज्यातून चटका बसला. मी काय म्हणालो? काही नाही. तू कुऱ्हाड उचललीस आणि मी होज धरून पुढे झालो. तेव्हा आपल्या दोघांनाही काही येत नव्हतं."

"दार मी उघडलं."

"ते तू उघडलंस. त्यात मी वाटेकरी नाही. समितीने कोणाचा दोष नाही म्हटलं तेव्हा बरं वाटलं होतं. पण माझ्या पोरीच्या लग्नात तू माईक घेऊन ती गोष्ट सांगितलीस. लोक टाळ्या वाजवत होते आणि मला एका कानाने त्या ऐकू येत होत्या. त्या दिवशी मात्र मी चिडलो होतो. आता एक कर. ती गोष्ट बंद कर, नाहीतर जशी झाली तशी सांग."

तोफेने तशी सांगायला घरापासून सुरुवात केली. संध्याकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, हातातल्या टॉवेलची घडी पुरी केली आणि विचारलं, "ताईला माहीत आहे?"

"साडू म्हणतो, नाही."

"मग जाऊन सांगून या. मी मध्यस्थी करणार नाही. आणि हो, तिथे जाऊन आवाज चढवू नका."

आवाज चढवायची वेळच आली नाही. मेहुणीने दारातच उभं राहून ऐकलं. "इतकी वर्षं मी त्या गोदामवाल्याला शिव्या घालत होते," ती म्हणाली. "उगाच घातल्या म्हणायच्या." मग ती आत गेली, आणि त्यानंतर तिने तोफेशी बोलणं बंद केलं. रविवारी एकत्र जेवणं थांबली. साडू एकटाच यायचा आणि लवकर उठायचा.

परीक्षा झाली. चौथा प्रश्न होता, 'बॅकड्राफ्ट म्हणजे काय? लक्षणे सांगून एक उदाहरण द्या. (गुण ५)'. तोफेने पुरवण्या मागून साडेतीन पानं लिहिलं. तारीख, पत्ता, दाराचा रंग, कोणी कुठे उभं होतं, कोणी काय पाहिलं, कोणी दार उघडलं, सगळं. खाली सही केली, जी उत्तरपत्रिकेत करायची नसते. पेपर तपासून आला. शंभरापैकी एक्केचाळीस. चौथ्या प्रश्नाला दोन. समासात लाल शाईत शेरा होता, 'व्याख्या अधोरेखित नाही. उदाहरण अनावश्यक लांब.'

त्याने मुख्यालयाला अर्जही केला की गोदामाच्या अहवालात 'कारण अज्ञात' लिहिलंय तिथे कारण लिहावं, ते आता ज्ञात आहे, आणि मीच ते आहे. दीड महिन्याने उत्तर आलं. सदर प्रकरण बंद झालेलं असल्याने त्यात नव्याने कारण दाखल करण्याची तरतूद नाही. तथापि आपल्या सूचनेचं स्वागत आहे. तोफेने ते पत्र दोनदा वाचलं. आपण चूक कबूल केली की सूचना केली हे त्याला त्यातून कळेना.

नवीन भरतीच्या तुकडीला गोदामाची गोष्ट आता साडेतीन पानांसारखीच सांगितली जायची. अंगावर काटा येत नसे. पोरं प्रश्न विचारत. कुठला धूर, कुठली काच, किती तापली होती. तोफेला हे प्रश्न आवडत नसत, पण त्यांची उत्तरं देत तो बसून राहायचा.

वर्ग संपून चार महिने झाले असतील. दुपारी तीनच्या सुमारास एका गालिच्यांच्या दुकानाला आग लागल्याचा फोन आला. पहिल्या बंबावर तोफ होता. दुकान बंद, आत कोणी नाही, हे दुकानमालकाने रस्त्यावरच तीनदा सांगितलं. समोरच्या काचा आतून तपकिरी झाल्या होत्या. ज्वाळा कुठेच नव्हत्या. तोफेने गुडघ्यावर बसून दाराच्या फटीकडे पाहिलं. धूर आत चालला होता.

"दाराला कोणी हात लावायचा नाही," तो म्हणाला. "सगळे बाजूला, काचेसमोर कोणी उभं राहू नका. शिडी लावा. दोघे छपरावर चला, पहार घ्या."

"अहो, आग तर विझत आलीय," दुकानमालक म्हणाला. "आत जाऊन थोडं पाणी मारलं की झालं. माझा अर्धा माल वाचेल."

"थांबा."

"थांबा काय? तुम्ही विझवायला आलात की बघायला?"

"सध्या बघायला."

शिडी लावून, पत्रा उचकटून भोक पाडेपर्यंत सहा मिनिटं गेली. वरून काळा धूर भसाभस निघाला, हवेत गेल्यावर त्याने पेट घेतला आणि छपरावर पुरुषभर उंच ज्वाळा उभी राहिली. वरचे दोघे वाऱ्याच्या वरच्या अंगाला होते, ते आणखी मागे सरकले. समोर जमलेल्या गर्दीने एकसुरात सांगितलं की यांनी आग विझवायची सोडून वाढवली. दुकानमालक फोनवर कोणाला तरी हेच सांगत होता. तोफेने वरच्या भोकातून पाणी मारायला लावलं, ज्वाळा बसली, धूर पांढरा आणि मरगळलेला झाला, मग आणखी चार मिनिटं काढली. त्यानंतर त्याने दाराच्या एका बाजूला उभं राहून पान लोटलं. आतून वाफ आली आणि ओल्या लोकरीचा वास आला. बाकी काही आलं नाही. होजवाल्या जवानाने आत शिरून उरलेली आग मारली आणि बाहेर येऊन विचारलं, चहा कुठे मिळेल.

तोफ बंबाच्या मागे जाऊन पायरीवर बसला आणि त्याने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं, 'दुकान जळत असताना जवान दहा मिनिटं हातावर हात धरून उभे'. दुकानमालकाने तक्रार केली. मुख्यालय असल्या बाबतीत झोपत नाही. आठवड्याच्या आत तोफेला खुलाशासाठी बोलावणं आलं. टेबलापलीकडे दोन अधिकारी आणि एक टंकलेखक होता.

"त्या दहा मिनिटांत काय झालं?" थोरल्या अधिकाऱ्यांनी विचारलं.

"काही झालं नाही, साहेब."

"मग थांबलात कशाला?"

"काही होऊ नये म्हणून."

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्याने काच सांगितली, फटीतला धूर सांगितला, छपराचं सांगितलं. 'बॅकड्राफ्ट' हा शब्द आल्यावर टंकलेखकाने तो कसा लिहायचा विचारलं. दोन्ही अधिकाऱ्यांनी दोन प्रकारे सांगितला, आणि पाच मिनिटं त्यातच गेली. शेवटी नोंद झाली ती अशी: 'कर्मचाऱ्याचा खुलासा तांत्रिक स्वरूपाचा असल्याने समाधानकारक वाटला नाही. सक्त ताकीद देण्यात येत आहे.'

साडूने स्टोअरमध्ये ते पत्र उजेडाकडे धरून वाचलं. "सक्त," तो म्हणाला. "म्हणजे नीट काम झालेलं दिसतंय." मग त्याने विचारलं, "होजवर कोण होता?"

"तो नवा. बटाट्यासारखं नाक आहे तो."

"त्याला काही झालं?"

"चहा मागत होता."

साडूने मान हलवली, पत्राची घडी घातली आणि परत दिली. आखडलेल्या बोटांनी घडी घालायला त्याला वेळ लागला, पण तोफेने हात पुढे केला नाही.

घरी आल्यावर त्याने पत्र बायकोच्या हातात दिलं आणि आंघोळीला गेला. तिने ते उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं, आणि बहिणीला फोन लावला. दोघी बराच वेळ बोलल्या. न्हाणीघरात पाणी सुरू होतं, त्यामुळे काय बोलल्या ते तोफेला ऐकू आलं नाही. तो डोकं पुसत बाहेर आला तेव्हा बायकोने फोन त्याच्यापुढे धरला.

"घ्या," ती म्हणाली. "ताईला विचारायचंय, छपरावर किती जणांना चढवलं होतं."

तोफेने फोन घेतला. "दोघांना," तो म्हणाला आणि पलीकडून पुढचा प्रश्न येण्याची वाट पाहत उभा राहिला.